रोजच्या भाकरीपुरता विश्वास

(तृतीय वर्ष, कला)

‘देवाची कृपा’ हे दोन शब्द आमच्या ख्रिस्ती घरांतून दिवसाकाठी किती वेळा उच्चारले जातात, याची मोजदाद करू जाणारा थकून जाईल. पाऊस वेळेवर आला, देवाची कृपा. मुलगा पास झाला, देवाची कृपा. शेवटची एस. टी. मिळाली, तीही देवाचीच कृपा! परंतु पाऊस आला नाही, मुलगा नापास झाला, घरातले माणूस दवाखान्यातून परतले नाही, म्हणजे मग हे शब्द ओठांवरच अडखळतात. सुखात इतका जवळचा वाटणारा देव दुःखात एकाएकी परका का व्हावा? प्रश्न सर्वच श्रद्धावंतांचा आहे. पण मी ख्रिस्ती घरात वाढलो, म्हणून त्याच अंगाने त्याचा विचार करणार आहे.

उपकार मानण्याची आमची रीत मला मनापासून आवडते. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आमच्या खेड्यात सुगीनंतर मंडळीत उपकारस्तुतीची भक्ती होते. कोणी बाजरी आणतो, कोणी भोपळा, कोणी अंडी, तर कोणी पाय बांधलेली कोंबडी. भक्ती संपली की या वस्तूंचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या कामी येतो. ज्या वर्षी पीक बुडते त्या वर्षीही हा दिवस पाळला जातो. टोपली तेवढी लहान होते. या लहान टोपलीतला विश्वास मला मोठा वाटतो.

अडचण सुरू होते ती उपकार मानता मानता आपण हिशेब मांडू लागतो तेव्हा. ‘मी विश्वास ठेवला, म्हणून मला मिळाले’ हा तो हिशेब. यात विश्वास म्हणजे जणू विम्याचा हप्ता! तो वेळेवर भरला की संकट आपल्या दारावरून पुढे जाणार. वरवर पाहता हे निरुपद्रवी वाटते. पण या हिशेबाची दुसरी बाजू मी पाहिली आहे.

2021 साली कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत माझे चुलते गेले. त्यांच्यासाठी आम्ही रात्र रात्र गुडघे टेकले होते. त्याच सुमारास मंडळीतले दुसरे एक गृहस्थ तशाच आजारातून बरे होऊन घरी आले. पुढे मंदिर उघडल्यावर त्यांनी उभे राहून साक्ष दिली की, आमच्या घरच्यांनी खऱ्या विश्वासाने प्रार्थना केली म्हणून देवाने मला वाचवले. त्या गृहस्थांच्या मनात कृतज्ञतेखेरीज दुसरे काही नव्हते, हे मी जाणतो. परंतु दोन बाके पुढे माझ्या काकू बसल्या होत्या. घरी येताना त्या एवढेच म्हणाल्या, “म्हणजे आपली प्रार्थना खोटी होती का रे?”

या प्रश्नाला पवित्र शास्त्राचे उत्तर माझ्या मते स्पष्ट ‘नाही’ असे आहे. ईयोबाचे मित्र नेमका हाच हिशेब मांडत होते, की तुझ्यावर संकट आले त्या अर्थी तुझेच काहीतरी चुकले. आणि त्या कथेच्या शेवटी देवाचा कोप होतो तो त्या मित्रांवर. पौलाने आपल्या शरीरातला काटा निघावा म्हणून तीनदा विनवणी केली. काटा निघाला नाही. मिळाली ती कृपा. आणि खुद्द प्रभू येशूने गेथशेमाने बागेत दुःखाचा प्याला टळावा म्हणून प्रार्थना केली, तो टळला नाही. विश्वासाचे माप मिळालेल्या उत्तरावरून काढायचे, तर प्रभूचाच विश्वास उणा ठरवावा लागेल!

याच्या अगदी उलट असा दुसरा एक आळशी विश्वास आहे. ‘जशी देवाची इच्छा’ असे म्हणून तो स्वस्थ बसतो. रुग्णाला खाट मिळाली नाही, गावाला पाणी मिळाले नाही, हे सारे देवाच्या माथी मारून माणसे मोकळी होतात. अशांनी पंडिता रमाबाईंचे चरित्र वाचावे. त्यांचे आईवडील आणि थोरली बहीण दुष्काळात, उपासमारीने गेली. मग भाऊ गेला, 1882 साली पती गेले. 1883 साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, म्हणून पुढची दुःखे टळली असे नाही; एकुलती एक मुलगी मनोरमा 1921 साली त्यांच्याआधी गेली. परंतु 1896-97 चा दुष्काळ पडला तेव्हा ‘देवाची इच्छा’ म्हणून त्या पुण्यात बसून राहिल्या नाहीत. मध्य प्रांतात जाऊन त्यांनी शेकडो निराधार मुली आणल्या, केडगावला त्यांना अन्न दिले, अक्षर दिले, हाताला काम दिले. जिच्या घरावर भुकेने घाला घातला, तिनेच इतरांच्या भुकेशी झुंज घेतली. देवावर भरवसा म्हणतात तो हा.

मग सामान्य माणसाने काय करावे? मला वाटते, उत्तर प्रभूने शिकवलेल्या प्रार्थनेतच आहे. तिथे मागणे आहे ते आजच्या भाकरीचे. वर्षाच्या कोठाराचे नाही. रानात इस्राएल लोकांना मान्ना मिळे तोही एका दिवसापुरता. शब्बाथासाठीची तजवीज सोडली, तर साठवलेल्या मान्नात किडे पडत. भरवसाही असाच रोज सकाळी नव्याने गोळा करावा लागतो. लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ वाचताना हेच जाणवते. घरात पैसा टिकत नाही, उद्याची शाश्वती नाही, तरी आजच्या दिवसाला सामोरे जाताना त्या बाईंचे हसू आटत नाही.

वर्गातला एक मित्र मला विचारतो, “मग तुझा विश्वास आणि नुसती जिद्द यांत फरक काय?” फरक आहे. जिद्दीला तक्रार करायला कोणी नसते, आम्हाला आहे. स्तोत्रसंहितेत स्तुती आहे तशी कितीतरी गाऱ्हाणी आहेत, आणि दोन्ही एकाच देवापुढे मांडलेली आहेत. माझ्या काकू पहिले काही महिने प्रार्थनेत देवाशी भांडत असत. भांडण्यासाठी का होईना, त्या त्याच्याकडेच जात होत्या. बरे झालेल्या माणसाच्या साक्षीहून ही साक्ष मला तसूभरही कमी वाटत नाही.

म्हणून माझे सांगणे एवढेच, की ज्यांना मिळाले त्यांनी उपकार जरूर मानावेत, मोठ्याने मानावेत; पण आपल्यालाच का मिळाले याचे कारण सांगू नये. ते आपल्याला ठाऊक नसते, आणि शेजारच्या बाकावर कोण बसले आहे हेही पुष्कळदा ठाऊक नसते. ‘देवाची कृपा’ हे शब्द असे उच्चारावेत, की ज्याच्या घरी दिवा विझला आहे त्यालाही ते ऐकून मान खाली घालावी लागू नये.