मुलांचे ऑनलाइन कोडिंग क्लास: पालक नेमके कशाचे पैसे मोजतात?

खुलताबादहून छत्रपती संभाजीनगर जेमतेम २५ किलोमीटर. तरीही चौथी-पाचवीतल्या मुलाला रोज क्लाससाठी तिथे पाठवणं बहुतेक घरांना शक्य नाही. वेरूळ, भद्रा मारुती आणि दर्ग्यांमुळे बाहेरचं जग या तालुक्यात रोज येतं, पण खास शिकवण्या मात्र शहरातच राहतात. म्हणून मोबाइलवर ‘तुमचं मूल घरबसल्या गेम बनवायला शिकेल’ अशी जाहिरात दिसली की पालक थांबून वाचतात. अंतराचा प्रश्न तिथे खरंच सुटतो.

पण मग पैसे नेमके कशाचे मोजायचे?

२०२० मध्ये काय घडलं?

या धंद्याची सगळ्यात गाजलेली गोष्ट मुंबईतच सुरू झाली. २०१८ मध्ये स्थापन झालेली ‘व्हाइटहॅट ज्युनियर’ ही कंपनी ऑगस्ट २०२० मध्ये ‘बायजूज’ने ३० कोटी डॉलरला विकत घेतली. लॉकडाऊन होता, शाळा बंद होत्या. त्याच सुमारास, जुलैअखेर जाहीर झालेल्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या टप्प्यावर कोडिंगचे उपक्रम घ्यावेत असं म्हटलं होतं. धोरणात खासगी क्लास लावा असं कुठेही नव्हतं. पालकांपर्यंत मात्र ‘आता कोडिंग सक्तीचं’ एवढंच पोहोचलं.

जाहिरातीत ‘वुल्फ गुप्ता’ नावाचा मुलगा होता, ज्याला म्हणे गूगलने कोट्यवधींची नोकरी दिली. वेगवेगळ्या जाहिरातींत त्याचं वय आणि पगार बदलत गेला, कारण असा मुलगा नव्हताच. ऑक्टोबर २०२० मध्ये जाहिरात मानक परिषदेने, म्हणजे ‘आस्की’ने, कंपनीला पाच जाहिराती मागे घ्यायला सांगितलं. टीकाकारांवर कंपनीने दिल्ली उच्च न्यायालयात बदनामीचे कोट्यवधींचे दावे लावले आणि पुढच्या वर्षी ते मागेही घेतले. जुलै २०२४ मध्ये खुद्द बायजूजविरुद्धच दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली.

कंपनी बुडते तेव्हा आगाऊ भरलेल्या फीचं काय होतं, हा प्रश्न तेव्हा अनेक घरांत विचारला गेला.

मूल शिकतं काय?

जाहिराती खोट्या होत्या म्हणून विषय खोटा ठरत नाही. अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठाने २००७ मध्ये आणलेली ‘स्क्रॅच’ ही प्रणाली साधारण ८ ते १६ वर्षांच्या मुलांसाठी आहे. त्यात आज्ञा टाइप कराव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकात एक अडकवायचे. ती पूर्णपणे मोफत आहे, आणि अनेक महागडे क्लास पहिले काही महिने असेच ठोकळे शिकवतात.

समजा, झाडावरून पडणारी सीताफळं टोपलीत झेलायचा गेम करायचा आहे. स्क्रॅचचा पडदा ४८० बाय ३६० चा, मधोमध शून्य. डावीकडे उणे २४० पर्यंत, खाली उणे १८० पर्यंत. फळ खाली आणायचं तर त्याचा उभा आकडा कमी करत न्यायचा. दरवेळी नव्या जागेवरून पडावं म्हणून यादृच्छिक संख्या घ्यायची. टोपलीला स्पर्श झाला ‘तर’ गुण एकने वाढवायचा, ‘नाहीतर’ एक जीव कमी करायचा. सहावीच्या पुस्तकात रुक्ष वाटणाऱ्या ऋण संख्या इथे मुलाला हव्याशा वाटतात, कारण त्यांच्याशिवाय सीताफळ पडतच नाही.

खरं शिक्षण गेम बिघडल्यावर होतं. एक फळ झेललं आणि गुण एकदम सात वाढले, तर का? कारण फळ टोपलीला टेकलेलं असेपर्यंत संगणक तोच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतोय. हे मुलाने स्वतः शोधलं तर तो क्लास कामाचा. शिक्षकाने पडद्यावर उत्तर दाखवलं आणि मुलाने ठोकळे तसेच जोडले, तर प्रमाणपत्र मिळतं, बाकी फारसं काही नाही.

पालकांना संगणक येत नसला तरी हे तपासता येतं. ‘आता फळं दुप्पट वेगाने पाड’ एवढंच मुलाला सांगायचं. स्वतः बनवलेला गेम असेल तर मिनिटभरात बदल होतो.

अडचण क्लासची की संगणकाची?

ग्रामीण भागातल्या १४ ते १८ वयोगटाची पाहणी करणाऱ्या ‘असर २०२३’ अहवालानुसार सुमारे ९० टक्के मुलांच्या घरी स्मार्टफोन होता, संगणक किंवा लॅपटॉप मात्र सुमारे ९ टक्केच घरांत. फोनच्या चिमुकल्या पडद्यावर ठोकळे ओढणं वैताग आणणारं काम आहे. त्यातून तो फोन संध्याकाळी वडील घरी आल्यावरच हाती येणार.

शाळांचं चित्र सुधारतंय, पण सावकाश. केंद्राच्या ‘यूडायस प्लस’ आकडेवारीप्रमाणे २०२३-२४ मध्ये देशातल्या ५७.२ टक्के शाळांत संगणक होते, २०२४-२५ मध्ये ६४.७ टक्के. शाळेत संगणक असणं आणि पाचवीतल्या मुलाला आठवड्यातून तासभर तो मिळणं, यातही फरक आहेच. स्क्रॅच एकदा उतरवून घेतलं की इंटरनेटशिवाय चालतं. त्यामुळे शाळेत धूळ खात पडलेला संगणकही याला पुरतो. तालुक्याच्या गावी हजारोंच्या पॅकेजपेक्षा जुना संगणक आणि तासभर शेजारी बसणारा शिक्षक जास्त उपयोगी पडेल.

एआयमुळे हे सगळं वाया जाणार?

‘आता कुणालाही प्रोग्रॅमिंग शिकायची गरज नाही’ अशा अर्थाचं विधान एनव्हिडियाचे प्रमुख जेन्सन हुआंग यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये दुबईत केलं होतं. केंद्र सरकारने मात्र २०२६-२७ पासून तिसरीपासूनच एआय आणि संगणकीय विचारपद्धती आणण्याचं जाहीर केलं. साहजिकच ‘कोडिंग’च्या जागी ‘एआय’ लिहिलेल्या जाहिराती येतील. काही आल्याही आहेत.

केंद्रीय शिक्षण विभागाने डिसेंबर २०२१ मध्ये पालकांना दिलेला सल्ला या नव्या जाहिरातींनाही लागू पडतो: फीसाठी खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, मोफत म्हटलेल्या सेवेच्या अटी नीट वाचा, आणि ज्याच्या नावावर सही करताय ते कर्ज तर नाही ना, हे आधी बघा.