एका पाकिटावर विमान आणि मोटार

मागच्या सत्रात आमच्या तिकीटसंग्रह मंडळात एक वाद झाला. प्रदर्शनासाठी मी एक फलक सुचवला होता. एका बाजूला हवाई दलाची विशेष पाकिटे, दुसऱ्या बाजूला मोटार शर्यतींची आणि मधोमध दोन्हींचा संबंध दाखवणारी. एक सीनियर म्हणाले, "गणवेशाचा मान आणि शर्यतीची मौज एकत्र करू नकोस. असली पाकिटे विकण्यासाठीच काढतात." बऱ्याच जणांनी माना डोलावल्या आणि फलक रद्द झाला. मला ते पटले नाही, म्हणून हा लेख.

सीनियरांचे अर्धे म्हणणे खरे आहे. परदेशात नामवंत वैमानिकांच्या आणि शर्यतपटूंच्या सह्या घेऊन पाकिटे विकली जातात. काहीही नाते नसताना विमान आणि मोटार शेजारी छापली, तर ती जाहिरातच होते. पण नाते खरे असेल तर?

इंग्लंडमधले सिल्व्हरस्टोन घ्या. दुसऱ्या महायुद्धात तेथे वेलिंग्टन बाँबफेकी विमानांवर वैमानिकांचे प्रशिक्षण चाले. युद्ध संपले आणि १९४८ मध्ये त्याच तळावर मोटारी धावल्या. १३ मे १९५० रोजी फॉर्म्युला वन जागतिक स्पर्धेची पहिली शर्यत तेथेच झाली. गुडवुडचा मार्ग तर ब्रिटनच्या लढाईत लढलेल्या विमानतळाभोवतीचा रस्ता होता. कारण साधे आहे. युद्धासाठी बांधलेली पक्की, सपाट, रुंद जमीन रिकामी पडली होती. वेगाला तीच हवी होती.

आपल्याकडेही असे झाले. चेन्नईच्या उत्तरेला शोलावरम येथे युद्धकाळातली धावपट्टी होती. १९५३ मध्ये मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लब स्थापन झाला आणि पुढे अनेक वर्षे या धावपट्टीवर शर्यती गाजल्या. नंतर क्लबने श्रीपेरुंबुदूरजवळ इरुंगट्टुकोट्टै येथे स्वतःचा मार्ग बांधला, तेव्हा शोलावरम शांत झाले.

माझे घर कुंभकोणमला आहे. आम्ही तंजावरी मराठी. माझी मराठी ऐकून हाउसमधली मुले अजून हसतात. घरापासून साधारण ४० किलोमीटरवर तंजावरचा हवाई तळ आहे. तीही युद्धकाळातलीच धावपट्टी. २० जानेवारी २०२० रोजी तेथे २२२ क्रमांकाची 'टायगरशार्क्स' ही सुखोई-३० एमकेआय विमानांची स्क्वाड्रन दाखल झाली. एकाच युद्धातल्या दोन धावपट्ट्या. एकीवर शर्यती झाल्या, दुसरीवर आज सुखोई उभी आहेत. या दोन्ही गोष्टी एका पाकिटावर आल्या तर कोणाचा अपमान होतो?

आता माझी चूक सांगतो. आजोबांचे थोरले भाऊ हवाई दलात इंजिन फिटर होते. सुट्टीत ते शोलावरमच्या शर्यती पाहायला जात आणि घरी पत्रातून मोटारींच्या इंजिनांचे वर्णन लिहीत. ती पत्रे आजोबांनी पाकिटांसकट बिस्किटांच्या डब्यात जपली होती. सहावीच्या उन्हाळी सुट्टीत मला तिकिटांचा नाद लागला. आजोबा देवळात गेले असताना मी ती सगळी पाकिटे बादलीत भिजवली, तिकिटे सोडवून वर्तमानपत्रावर वाळवली आणि पाकिटे टाकून दिली. आजोबा रागावले नाहीत. एवढेच म्हणाले, "अरे, तिकीट कुठेही मिळेल. शिक्का गेला. आता अण्णा कधी कुठे होता, ते कसं कळणार?"

तेव्हा मला समजले नव्हते. फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्यावर गावाचे नाव नसते, फक्त क्रमांक आणि तारीख असते. सैनिक त्या दिवशी कोठे होता याचा घरच्यांकडे राहिलेला तोच पुरावा. मी तो धुऊन टाकला. आजोबांकडे १९६२ च्या रामानुजन तिकिटाचे प्रथम दिवस आवरणही आहे. रामानुजन कुंभकोणमला वाढले, म्हणून त्यांनी ते घेतले. ते कपाटात वर होते, म्हणून माझ्या हातून वाचले.

म्हणून माझे मत असे. पाकीट खरे की जाहिरात, हे त्यावरच्या चित्रावरून ठरत नाही. तीन प्रश्न विचारावेत. ही घटना खरोखर घडली का? शिक्का त्या जागेचा आणि त्या दिवसाचा आहे का? हे पाकीट पाहून कोणाचे काम आठवते? शोलावरमचे पाकीट तिन्ही प्रश्नांना उतरेल. त्या धावपट्टीवर आधी विमानांचे आणि मग मोटारींचे मेकॅनिक राबले. वैमानिकाचे आणि शर्यतपटूचे नाव सर्वांना कळते, पाना फिरवणाऱ्याचे कळत नाही. आमच्या अण्णा आजोबांसारख्या माणसाला दोन्ही जागा आपल्याच वाटत होत्या.

विशेष पाकिटासाठी नवे तिकीट काढावे लागत नाही. डाक परिमंडळाने मंजुरी दिली की चालू तिकीट लावून खास शिक्का मारता येतो. आमच्या मंडळाने शोलावरमसाठी तसा प्रस्ताव पाठवावा, ही माझी विनंती आहे. हो म्हणतील किंवा नाही म्हणतील. पण ज्यांनी त्या शर्यती पाहिल्या ते आता आजोबांच्या वयाचे आहेत, म्हणून उशीर करू नये.

आणि पालकांना एक विनंती. घरात सैनिकाची जुनी पत्रे असतील, तर ती मुलांना जरूर दाखवा. मात्र बादली लांब ठेवा.

– एक कॅडेट, इयत्ता दहावी