अफवेच्या आधी पोचायला हवं

1 जुलै 2018. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात रविवारचा आठवडे बाजार भरला होता. मुलं पळवणारी टोळी आल्याचे मेसेज बरेच दिवस मोबाइलवर फिरत होते. त्या संशयावरून, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून जमावाने ठार मारलं. देशभरातल्या अशा घटनांनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवण्याची मर्यादा घातली. अफवेच्या पायात बेडी पडली खरी. खऱ्या बातमीला पाय कुणी दिले?

22 जानेवारी 2025 ला पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ हीच उणीव दिसली. आग लागल्याची हूल उठली, साखळी ओढली गेली, पुष्पक एक्स्प्रेसमधून प्रवासी शेजारच्या रुळांवर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. आग नव्हतीच. ‘डब्यातच थांबा’ एवढं वेळेवर सांगणारा आवाज मात्र त्यांच्यापर्यंत पोचला नाही.

सोय नाही असं आता म्हणता येत नाही. 2023 मध्ये केंद्राच्या चाचणीत फोन एकदम कर्कश वाजले आणि अनेकांची घाबरगुंडी उडाली, ती सेल ब्रॉडकास्ट यंत्रणा. तिला नंबरांची यादी लागत नाही की इंटरनेट लागत नाही. ठरावीक टॉवरच्या टापूतल्या, ही सोय असलेल्या फोनवर इशारा थेट झळकतो. ऑगस्ट 2021 च्या अखेरीस तितूर-डोंगरीला पूर येऊन चाळीसगावात पाणी घुसलं, तसल्या रात्री दवंडी कुणाच्या कानी पडणार?

पण वाजणाऱ्या फोनवरचा मजकूर कामाचा हवा. हतनूर धरणाचे 41 दरवाजे. ते उघडले की ठरलेलं वाक्य येतं : नदीकाठच्या गावांनी सतर्क राहावे. कोणत्या गावी पाणी किती वाजता पोचेल, कोणता फरशी पूल बंद, हे त्यात असायला हवं. तेही नुसतं लेखी नको. चोपडा-यावलच्या पाड्यांवर, शिरपूरच्या सातपुड्यात ऐकू येणारा पावरी किंवा अहिराणी आवाज छापील मराठीपेक्षा लवकर समजतो. नाशिक-नगरकडच्या ग्रामसुरक्षा यंत्रणेत गावकऱ्याने टोल-फ्री नंबरवर सांगितलेला निरोप त्याच्याच आवाजात गावभर फोनवर जातो. बिबट्या दिसला की तिचा उपयोग कळतो. जळगाव-धुळ्याच्या आपत्ती कक्षांनी पुढच्या पावसाळ्याआधी तापी, गिरणा, पांझरेकाठच्या गावांचे असे निरोप बोलीत ध्वनिमुद्रित करून ठेवावेत आणि पोलीस पाटलांना सोबत घेऊन एकदा रात्रीची रंगीत तालीम करावी.