शिक्षेआधी चौकशी

९ जानेवारी २०२१ रोजी भंडारा जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशु कक्षास आग लागून १० अर्भके दगावली. शासनाने जिल्हा शल्यचिकित्सकांस निलंबित केले. कंत्राटी परिचारिकांना मात्र सेवेतूनच दूर केले. त्या निर्दोषच आहेत, असे आमचे म्हणणे नाही. पण निलंबित अधिकाऱ्याची विभागीय चौकशी व्हावी आणि कंत्राटावरील परिचारिकेस तेवढाही अवसर मिळू नये, हा भेद न्यायास शोभत नाही.

नोकरी गेली तरी नोंदणी उरते. ती रद्द करण्याचा अधिकार १९६६ च्या महाराष्ट्र परिचारिका अधिनियमाने परिषदेस दिला, तो रीतसर चौकशी करून व बाजू ऐकून घेऊनच वापरण्यासाठी. आरोप लेखी कळविणे, कागदपत्रे दाखविणे, साक्षीदारांची उलटतपासणी करू देणे ही मेहेरबानी नव्हे. त्या रात्री एका परिचारिकेकडे किती अर्भके होती, विद्युत्‌यंत्रणा कोणी तपासावयाची होती, हेही अशा चौकशीत उघड झाले पाहिजे.

कामठ्यासारख्या गावातील बाळंतिणीस डॉक्टरआधी परिचारिकाच भेटते. दोष शाबीत झाल्यास नोंदणी अवश्य जावी; लोकक्षोभ शमविण्यासाठी ती जाता कामा नये. त्या मातांना सत्य सांगण्यास शासन बांधलेले आहे. हाताशी सापडलेल्या परिचारिकेकडे बोट दाखवून ते ऋण फिटणार नाही.