अर्धवट गाण्यांचा वारस कोण?

मुंबईचा रॅपर एमसी तोडफोड, म्हणजे धर्मेश परमार, २० मार्च २०२२ रोजी गेला. वय अवघं २४. त्यानंतर आलेल्या कितीतरी बातम्यांचं शीर्षक एकाच साच्यातलं होतं: 'गली बॉय'च्या रॅपरचं निधन. त्या सिनेमातल्या एका गाण्यात त्याचा आवाज आहे, हे खरं. पण तोडफोड 'स्वदेसी' या गटाचा रॅपर होता. मराठी, हिंदी, गुजराती अशा भाषांत रॅप करणाऱ्या या गटात गुजरातीची बाजू तो सांभाळत होता. याच स्वदेसीने २०१९ मध्ये आरेच्या जंगलातले आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन 'द वारली रिव्होल्ट' हे गाणं केलं. शीर्षकात यातलं काही आलं नाही. तिथे सिनेमा उरला.

माणूस गेल्यावर त्याची ओळख कोण ठरवतं, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. रॅपरच्या बाबतीत तो जास्त अवघड होतो, कारण रॅपर मागे नुसतं नाव ठेवून जात नाही. अर्धवट रेकॉर्डिंगचा ढीग ठेवून जातो. एखाद्या बीटवर आठ ओळी म्हणून ठेवलेल्या असतात, हुक नंतर सुचेल म्हणून जागा सोडलेली असते, एकाच गाण्याचे चार टेक असतात. काही स्टुडिओच्या हार्ड डिस्कवर, काही प्रोड्युसरच्या लॅपटॉपवर, काही मित्राच्या व्हॉट्सॲपवर. या ढिगातून कुणीतरी दहा गाणी निवडतं, तुटलेल्या जागा भरतं, वर फोटो लावतं. याला मरणोत्तर अल्बम म्हणतात. माझं म्हणणं असं की हे संपादन आहे आणि संपादनाचे नियम त्याला लागू व्हायला हवेत.

मी सध्या बंगळुरूजवळ होसकोटेला राहते. इथल्या गोदामांत काम करणाऱ्या स्थलांतरित मुलांमध्ये माझं संशोधनाचं काम चालू आहे. शेजारच्या खोलीत यवतमाळकडचा एक पोरगा राहतो. रात्रपाळीत माल चढवतो आणि दिवसा पांघरुणात तोंड खुपसून फोनवर रॅप रेकॉर्ड करतो, म्हणजे रस्त्यावरच्या ट्रकचे हॉर्न आत येत नाहीत. एकदा सिद्धू मूसेवालाचं नवं गाणं ऐकता ऐकता तो म्हणाला, "ताई, हा मेला तरी याची गाणी येतच राहतात. माझा तर फोन हप्त्यावर आहे. मी गेलो तर आधी फोन लॉक होईल." तो हसला, मीही हसले. पण मरणोत्तर अल्बमचं अर्थशास्त्र त्या एका वाक्यात आलं होतं.

मूसेवालाचंच बघा. २९ मे २०२२ रोजी त्याचा खून झाला. महिन्याच्या आत 'एसवायएल' हे गाणं आलं आणि काही दिवसांतच ते भारतात यूट्यूबवरून हटवलं गेलं. पुढच्या वर्षांत एकेक गाणं येत राहिलं. त्याच्या गाण्यांतला जाट असण्याचा अभिमान आपल्याला पटायचं कारण नाही. तरी त्याच्या आईवडिलांनी जे केलं ते समजून घेण्यासारखं आहे. ज्यांच्याकडे मुलाचं अप्रकाशित काम होतं, त्यांनी ते परस्पर बाहेर काढू नये असं त्यांनी जाहीर बजावलं. संगीतकार सलीम मर्चंट यांचं, त्याच्या आवाजातलं 'जांदी वार' सप्टेंबर २०२२ मध्ये येणार होतं. कुटुंब मानसाच्या न्यायालयात गेलं आणि त्या गाण्याला स्थगिती मिळाली. या कुटुंबाकडे वकील होता, नाव होतं, लोक होते. वस्तीतल्या रॅपरची आई कुठल्या न्यायालयात जाणार?

अमेरिकेत हा धंदा जुना आहे. तुपाक शकूर सप्टेंबर १९९६ मध्ये गेला. हयातीत त्याचे चार स्वतंत्र अल्बम आले होते, मृत्यूनंतर सहा आले. त्याची आई अफेनी शकूर ब्लॅक पँथर चळवळीतली. तिने १९९७ मध्ये स्वतःची कंपनी काढली आणि मुलाचं अप्रकाशित काम त्या कंपनीतून बाहेर आणलं. हक्क आईच्या हाती होता, ही मोठी गोष्ट. पण तेवढ्याने सगळं सुटलं नाही. २००४ च्या 'लॉयल टू द गेम'मध्ये एमिनेमने तुपाकच्या जुन्या ओळींचा वेग बदलून, त्यांना नव्या बीटवर बसवून अल्बम उभा केला. तो तुपाकचा म्हणायचा की एमिनेमचा, यावर चाहते आजही भांडतात. उलट मॅक मिलरचा 'सर्कल्स' (२०२०) ज्या जॉन ब्रायनसोबत तो स्वतः काम करत होता त्यानेच पुरा केला, आणि कुटुंबाने हे सगळं सांगून तो बाहेर आणला. अँडरसन पाक या गायकाने तर २०२१ मध्ये हातावर गोंदवूनच घेतलं की मी गेल्यावर माझ्या नावाने काही काढू नका, ते कच्चं काम आहे.

मग काढूच नये का? हे उत्तर सोपं आहे, पण आपल्याला परवडणारं नाही. बाबासाहेब ६ डिसेंबर १९५६ ला गेले. 'द बुद्ध अँड हिज धम्म' १९५७ मध्ये आलं. 'वेटिंग फॉर अ व्हिसा' पुस्तिका म्हणून १९९० मध्ये आली. 'रिडल्स इन हिंदुइझम' महाराष्ट्र शासनाच्या चौथ्या खंडात १९८७ मध्ये आलं. अर्धवट आहे म्हणून ही पानं पेटीतच राहिली असती, तर आपल्यापैकी कितीजण आज जे आहोत ते असतो? ज्यांच्या घरात कालपरवापर्यंत लिहिलेला कागद नव्हता, त्यांच्यासाठी मागे राहिलेलं प्रत्येक पान मोलाचं असतं.

पण याच इतिहासात संपादनाचे दोन धडे आहेत, एक चांगला आणि एक कडू.

चांगला धडा वसंत मून आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा. अप्रकाशित लेखनाचे खंड उघडून बघा. प्रकरण जिथे तुटतं तिथे संपादक सांगतात की पुढची पानं मिळाली नाहीत. बाबासाहेबांच्या आराखड्यातली कोणती प्रकरणं सापडली आणि कोणती नाहीत, तेही सांगतात. तुटलेल्या जागी स्वतःची वाक्यं घालून त्यांनी पुस्तक गुळगुळीत केलं नाही. चौथ्या खंडातल्या राम आणि कृष्णावरच्या परिशिष्टावरून वादळ उठलं, तेव्हा १९८८ च्या सुरुवातीला मुंबईच्या रस्त्यावर आपली माणसं लाखोंनी उतरली. शेवटी शासन या मतांशी सहमत असेलच असं नाही, अशी टीप आली, पण मजकूर राहिला. मेलेल्या माणसाचं अप्रिय वाक्य गाळू न देणं ही जिवंत माणसांची जबाबदारी असते, हे तेव्हा आपल्या आईवडिलांच्या पिढीने दाखवलं.

कडू धडा 'बुद्ध अँड हिज धम्म'चा. बाबासाहेबांनी त्या ग्रंथासाठी प्रस्तावना लिहिली होती आणि तीत आपलं आयुष्य वाढवल्याबद्दल माईसाहेबांचे आभार मानले होते. १९५७ च्या आवृत्तीत ती प्रस्तावना आली नाही. भगवान दास यांनी ती छापली १९८० मध्ये. मधल्या काळात माईसाहेबांकडे संशयाने पाहिलं गेलं, आणि त्यांच्या बाजूचा सगळ्यात मोठा साक्षीदार कागदावर पडून राहिला. संपादनात काय गाळलं जातं आणि त्याची किंमत कोण भरतं, हे समजायला एवढं उदाहरण पुरे आहे.

शाहीर विलास घोगरे यांचं उदाहरण रॅपच्या आणखी जवळचं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं मारली गेली. चार दिवसांनी, १५ जुलैला, घोगरेंनी आपल्या झोपडीत जीव दिला. त्यांचा आवाज आपल्यापर्यंत पोचला, कारण आनंद पटवर्धन यांनी तो १९८५ च्या 'हमारा शहर'मध्ये टिपला होता आणि २०११ च्या 'जय भीम कॉम्रेड'मध्ये पुन्हा आणला. पटवर्धनांचे आभार मानायलाच हवेत. पण आपल्या शाहिराचा आवाज टिकणं दुसऱ्याच्या कॅमेऱ्यावर अवलंबून होतं, ही गोष्ट विसरता येत नाही. आज प्रत्येक पोराच्या खिशात रेकॉर्डर आहे. टिकवण्याचं साधन आलं, मालकी मात्र अजून आलेली नाही.

मालकीबद्दल कायदा काय सांगतो, हे आपण शिकलेल्यांनी तरी माहीत करून घ्यावं. कॉपीराइट कायदा, १९५७ नुसार गाण्याचे शब्द, संगीत आणि रेकॉर्डिंग यांचे हक्क वेगवेगळे आहेत. हार्ड डिस्क ज्याच्या कपाटात, गाणी त्याची, असं होत नाही. हक्क दुसऱ्याला द्यायचे तर लेखी आणि सही केलेला करार लागतो. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीनंतर शब्द आणि संगीत रचणाऱ्याचा रॉयल्टीचा वाटा कंपनीला लिहून घेता येत नाही. तो कायदेशीर वारसांकडे किंवा कॉपीराइट सोसायटीकडेच जाऊ शकतो. आणि वारस कोण? बौद्धांनाही लागू असलेल्या हिंदू वारसा कायद्यानुसार लग्न न झालेला मुलगा मृत्युपत्र न करता गेला, तर पहिला हक्क आईचा. वडील त्यानंतरच्या वर्गात येतात. ज्या मैत्रिणीने हुक गायला, ज्या दोस्ताने बीट बनवली, त्यांच्या स्वतःच्या कामाचा हक्क त्यांचाच, पण गेलेल्याच्या ओळींवर त्यांना वारसा नाही. म्हणजे कायद्याने आई मालक आणि प्रत्यक्षात पासवर्ड दुसऱ्याच कुणाकडे. या फटीतूनच गाणी पळवली जातात.

आता तर अर्धवट टेकचीही गरज उरलेली नाही. २०२४ च्या 'लाल सलाम'मध्ये ए. आर. रहमान यांनी बंबा बाक्या आणि शाहुल हमीद या दोन दिवंगत गायकांचे आवाज एआयने तयार केले. कुटुंबांची परवानगी घेतली आणि मोबदला दिला, असं त्यांनी जाहीर सांगितलं. निदान सांगितलं तरी. पण परवानगी मोबदल्याची मिळू शकते, मताची कशी मिळणार? जातीविरुद्ध गाणाऱ्या पोराचा आवाज उद्या एखाद्या पक्षाच्या प्रचारगीतात वापरला, आणि अडचणीतल्या आईने सही केली, तर दोष आईला देणार का?

म्हणून मरणोत्तर अल्बम येताना आपण श्रोते म्हणून तीन गोष्टी मागायला हव्यात. पहिली, प्रत्येक गाण्याखाली लिहा: कधी रेकॉर्ड झालं, पूर्ण होतं की अर्धवट, मागाहून कुणी काय जोडलं. दुसरी, शब्द बदलू नका. शिवी असो, पोलिसाचं नाव असो, जातीचं नाव असो. गाळायचंच असेल तर गाळलं असं सांगा. तिसरी, आईला हिशेब द्या, आणि तो तिला कळेल अशा भाषेत द्या. गेलेला पोरगा ज्या गटात वाढला त्या गटाला निवडीच्या वेळी बोलवा, म्हणजे त्याचं शीर्षक पुन्हा एखाद्या सिनेमाच्या नावाने लागणार नाही.

आणि एक काम आपलंही आहे. घरातला पहिला पदवीधर म्हणून आपण सगळ्यांचे फॉर्म भरतो, जातपडताळणीचे कागद लावतो, बँकेत सोबत जातो. त्यात हेही धरा. मृत्युपत्राला स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणी सक्तीची नाही. करणाऱ्याची सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. त्यात गाण्यांचा उल्लेख करता येतो. विशीतल्या पोराशी मरणाबद्दल बोलणं अवघड आहे, पण तोडफोड २४ वर्षांचा होता.

गेल्या रविवारी आम्ही होसकोटेच्या त्या खोलीत बसून फोनमधल्या फाइल्स पेन ड्राइव्हवर उतरवल्या. प्रत्येकीला तारीख, बीट कुणाची, पूर्ण की अर्धवट, असं नाव दिलं. एक प्रत यवतमाळला आईकडे जाणार आहे. चार फाइल्सवर त्याने स्वतः लिहिलं, 'कुणाला ऐकवायची नाही.' दोन तर तिथेच पुसून टाकल्या. मी थांबवलं नाही. आपलं काय ठेवायचं आणि काय नाही, हे आपण जिवंत असताना आपल्याच हाताने ठरवता येणं, हाही हक्कच आहे.

जय भीम.