पंख स्वतः चिकटवलेलं रॉकेट

न्यू जर्सीतल्या भाचीनं विचारलं, "मावशी, लेकाला वाढदिवसाला मॉडेल रॉकेट घ्यायचंय. तयार घेऊ की जोडायचं?" मी म्हटलं, जोडायचंच घे.

तयार रॉकेट लगेच उडतं, पण पोराला त्यातलं काही कळत नाही. एस्टेस कंपनीचं 'अल्फा' घेतलं, तर कागदी नळीवर रेघा आखून बाल्सा लाकडाचे पंख स्वतः चिकटवावे लागतात. मूल अगदीच लहान असेल, तर 'अल्फा ३' घ्यावं. त्यात पंखांचा प्लॅस्टिकचा सलग जोड मिळतो. नऊ-दहा वर्षांच्या मुलाला मात्र बाल्साच द्यावा. डिंक वाळेपर्यंत पंख सरळ धरून बसलं की ते कशाला असतात, हा प्रश्न त्याला आपसूक पडतो. पंखांमुळे हवेच्या दाबाचा केंद्रबिंदू मागे सरकतो. रॉकेटचा गुरुत्वमध्य त्याच्या पुढे, निदान नळीच्या व्यासाइतका तरी हवा. इंजिन बसवून, तोल साधतो तिथे दोरा बांधून रॉकेट गरगर फिरवावं. टोक पुढे ठेवून फिरलं, तर ते हवेतही बहुधा सरळच जाईल. ही परीक्षा त्यानंच घ्यावी.

इंजिन 'ए८-३' पुरे. अक्षर एकूण जोर सांगतं. ए नंतर बी, मग सी, दर पायरीला कमाल जोर दुप्पट. आठ म्हणजे सरासरी रेटा, न्यूटनमध्ये; तीन म्हणजे जळण संपल्यावर पॅराशूट बाहेर पडेपर्यंतचे सेकंद. 'सी'वर हेच रॉकेट हजार फुटांच्या आसपास जाऊन वाऱ्यासोबत हरवतं. 'ए'ला शंभर फुटांचं मोकळं मैदान चालतं, 'सी'ला चारशेचं लागतं.

इंजिन कारखान्यातलंच हवं, यावर मी अडून बसते. नेब्रास्कातल्या नॉरफोकचे चपलांचे दुकानदार ऑर्व्हिल कार्लाइल यांनी भावासोबत 1954 मध्ये कागदी रॉकेट केलं. तरीही पुढे स्पुटनिक उपग्रहाच्या काळात कितीतरी मुलं धातूच्या नळ्यांत स्वतः दारू ठासत आणि जखमी होत. व्हर्नन एस्टेस यांनी इंजिनं बनवणारं यंत्र उभारलं, तेव्हा सुरक्षित इंजिनं भरपूर मिळू लागली. दिवाळीच्या बाणातली दारू काढून इथे कुणी असला प्रयोग करू नये, हे हात जोडून सांगते.

भाचीला एवढंच जास्तीचं सांगितलं: लाँच पॅड आणि बटणाचा कंट्रोलर असलेला स्टार्टर सेट घे, उडवताना पंधरा फूट लांब उभे राहा. आणि इंजिनं पुष्कळदा वेगळी विकत घ्यावी लागतात. एक इंजिन एकदाच चालतं. दोन-तीन पाकिटं आधीच आणून ठेव.