ग्लॉस्टरची गादी



ऑक्टोबर २०२५ मध्ये कॅंटरबरीच्या आर्चबिशपपदासाठी सारा मुल्लाली यांचे नाव जाहीर झाले. चौदाशे वर्षांहून जुन्या या पदासाठी निवडल्या गेलेल्या त्या पहिल्या स्त्री. चर्चमध्ये येण्याआधी त्या परिचारिका होत्या. मैत्रिणींनो, तुम्ही विचाराल, त्यांच्या बिशपांशी आपल्याला काय करायचे आहे? प्रश्न रास्त आहे. पण 'पहिली स्त्री' अशी बातमी आली की पेढे वाटण्याआधी त्या गादीचा इतिहास एकदा चाळावा, असे मला वाटते. त्यासाठी मी एकच गाव निवडले आहे, ग्लॉस्टर.

सेव्हर्न नदीकाठच्या या गावात संत पीटरचा मोठा मठ होता. आठव्या हेन्री राजाने देशभरातले मठ मोडले, त्यांची मालमत्ता ताब्यात घेतली आणि १५४१ साली इथल्या मठाच्या चर्चला कॅथीड्रलचा दर्जा देऊन नवा धर्मप्रांत स्थापला. पहिले बिशप झाले जॉन वेकमन. ते शेजारच्या ट्यूक्सबरी मठाचे शेवटचे मठाधिपती. मठ गेला, गादी मिळाली. म्हणजे ही गादी आकाशातून पडलेली नाही. ती राजाच्या हुकमाने तयार झाली. माणसाने केलेला नियम माणसाला बदलता येतो, हे आधी लक्षात घेऊ.

१५५१ साली जॉन हूपर बिशप झाले. सुधारणावादी, कडक शिस्तीचे. त्यांनी आपल्या धर्मप्रांतातल्या धर्मगुरूंची परीक्षा घेतली. ३११ जणांपैकी १६८ जणांना दहा आज्ञासुद्धा म्हणता आल्या नाहीत! बायकांच्या पात्रतेची चर्चा निघाली की मला हा आकडा आठवतो. दहा आज्ञा येत नसल्या तरी वेदीपाशी उभे राहता येत होते. पुरुष असणे पुरेसे होते.

हूपर विवाहित होते. कॅथलिक मेरी राणी गादीवर आली आणि विवाहित धर्मगुरूंवर संक्रांत आली. हूपर यांचे पद गेले, त्यांच्यावर पाखंडाचा आरोप ठेवला गेला आणि ९ फेब्रुवारी १५५५ रोजी ग्लॉस्टरमध्येच त्यांना जिवंत जाळण्यात आले. लाकडे ओली होती, मरण लवकर आले नाही. त्यांचे स्मारक कॅथीड्रलजवळ उभे आहे. त्यांची पत्नी ॲन मात्र परक्या मुलखात, फ्रँकफर्टला आश्रयाला गेली आणि त्याच वर्षी वारली. पुढे एलिझाबेथ राणीच्या काळात चर्च पुन्हा प्रोटेस्टंट झाले. तरी १५६१ साली हुकूम निघाला की कॅथीड्रलच्या आवारात बायकांनी राहू नये. राज्य बदलले, पंथ बदलला, आणि गादीवर स्त्री असूनही बाईच्या सावलीची अडचण तशीच राहिली.

आता एकदम १९९२ सालात येऊ. त्या वर्षी ११ नोव्हेंबरला चर्चच्या जनरल सिनडने, म्हणजे त्यांच्या प्रतिनिधी सभेने, स्त्रियांना धर्मगुरू होण्याची मुभा दिली. आवश्यक दोन तृतीयांश मते जेमतेम पडली. बाईच्या हातून विधी पवित्र होतो की नाही, यावर वर्षानुवर्षे वाद झाले होते. १२ मार्च १९९४ रोजी ब्रिस्टल कॅथीड्रलमध्ये पहिल्या ३२ स्त्रियांना दीक्षा मिळाली. विरोध करणाऱ्यांसाठी मात्र वेगळ्या बिशपांची सोय करून ठेवली होती.

आणि त्याच १९९२ साली ग्लॉस्टरच्या गादीवर कोण बसले? पीटर बॉल. साधू वृत्तीचे, मोठमोठ्या लोकांत ऊठबस असलेले. काही महिन्यांतच एका तरुणाने त्यांच्याविरुद्ध लैंगिक शोषणाची तक्रार केली. १९९३ मध्ये पोलिसांनी ताकीद देऊन सोडले, बॉल यांनी राजीनामा दिला. आणखी तक्रारींची पत्रे आर्चबिशपांच्या कचेरीत आली होती. ती सगळी पोलिसांपर्यंत पोहोचलीच नाहीत. उलट पुढे बॉल यांना पुन्हा धार्मिक विधी करण्याची परवानगी मिळाली. तक्रार करणाऱ्या त्या तरुणाने २०१२ साली आयुष्य संपवले. बॉल यांना शिक्षा झाली ती ऑक्टोबर २०१५ मध्ये, ३२ महिन्यांची. ज्या संस्थेला स्त्रीच्या पावित्र्याची इतकी काळजी होती, तिला आपल्या बिशपचे वर्तन दिसले नव्हते का? दिसले होते. पण संस्थेची अब्रू मोठी ठरली.

कुटुंब सल्ला केंद्रात काम करताना हे वाक्य मी रोज ऐकते, 'घराण्याची अब्रू'. मारणाऱ्याने मारले म्हणून अब्रू जात नाही, बोलणाऱ्याने बोलले की जाते. घर असो, आश्रम असो वा कॅथीड्रल, रीत तीच.

बिशपपदासाठी स्त्रियांना आणखी वीस वर्षे थांबावे लागले. नोव्हेंबर २०१२ मध्ये ठराव सामान्य सभासदांच्या गटात सहा मतांनी पडला. आपल्याकडे दक्षिण भारतीय चर्चने मात्र सप्टेंबर २०१३ मध्येच पुष्पललिता यांना नंद्यालच्या बिशप केले होते. जुलै २०१४ मध्ये इंग्लंडचा ठराव मंजूर झाला आणि २०१५ साली, ४७४ वर्षांनी, ग्लॉस्टरच्या गादीवर स्त्री आली. रेचल ट्रीवीक, मूळच्या वाचा-उपचारतज्ज्ञ. धर्मप्रांताच्या प्रमुख झालेल्या इंग्लंडमधल्या त्या पहिल्या स्त्री. ज्या दिवशी त्यांची दीक्षा झाली, त्याच दिवशी सारा मुल्लालीही बिशप झाल्या. लॉर्ड्स सभागृहात २६ बिशप बसतात. तिथे स्त्रियांना लवकर जागा मिळावी म्हणून २०१५ साली खास कायदा झाला. तिकडेही आरक्षण लागलेच! ट्रीवीक यांना आलेल्या सरकारी पत्रात रिवाजाप्रमाणे 'पिता' असे संबोधन होते. त्यांनी ते बदलून घेतले. बारीक गोष्ट वाटेल, पण ज्या भाषेत आपल्याला जागा नाही त्या भाषेत सही करायची नाही, हा आग्रह मला मोलाचा वाटतो.

बॉल प्रकरणाचा चौकशी अहवाल २०१७ मध्ये आला. चौकशीच्या प्रमुख होत्या मोइरा गिब, समाजकार्यातून पुढे आलेल्या. चर्चने पीडितांऐवजी बॉलला सांभाळले, असे त्यांनी स्पष्ट लिहिले. तरीही पुढे दुसऱ्याच एका शोषण प्रकरणात पुरेशी पावले न उचलल्यामुळे नोव्हेंबर २०२४ मध्ये आर्चबिशप वेल्बी यांना राजीनामा जाहीर करावा लागला. त्याच रिकाम्या जागी मुल्लाली यांची निवड झाली. घर मोडकळीला आले की किल्ल्या सुनेच्या हाती! आणि स्त्री धर्मगुरू नको म्हणण्याची सवलत तिथल्या स्थानिक चर्चना आजही आहेच.

म्हणून आनंद जरूर करू, ही लढाई स्त्रियांनी लढून जिंकली आहे. पण गादीवर बाई बसली की गादी आपोआप बदलत नाही. तक्रारीचे पत्र आले तर ते कुणाच्या टेबलावर जाते, किती दिवसांत उत्तर मिळते, चौकशी बाहेरचे लोक करतात की घरचेच, हे प्रश्न गादीवर कोणीही असले तरी विचारायचे आहेत. आपण ज्या संस्थांत, मंडळांत, देवस्थानांत काम करतो, तिथेही विचारायचे आहेत. स्वतःच्या संघटनेतही.

तुमच्या गावात, तुमच्या संस्थेत ही पत्रे कुठे जातात? जरूर लिहून कळवा.